वीस वजा

मोहाचं फूल, पहाटे गळालेलं, अजून ओलं.

काळ्या कोटाच्या खिशात खडूचा तुकडा.

नकाशावरचा हिरवा रंग, ब्रशाने नीट सारखा केलेला.

घुग्घुसच्या रस्त्यावरची मोटारसायकल. मागे एक मुलगी, तिच्या मांडीवर मी.

बिजाच्या खांबाला बांधलेली धानाची लोंबी.

वीस वजा.

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. गाण्यांची नव्हे, मोजायची. तीस मीटरची, पिवळी. चामड्याच्या गोल डबीत राहते. डबीला पितळेची मूठ आहे, ती फिरवली की मी सरसरत आत येते. तीस मीटरची म्हणते खरी, पण मला सुरुवातच नाही. माझ्या अंगावरचा पहिला आकडा वीस आहे. शून्यापासून वीस सेंटीमीटरपर्यंतचा तुकडा माझ्याजवळ नाही. म्हणून माझी गोष्टही तिथूनच सुरू होते.

२०

माझे पहिले मालक हेमराजमिस्त्री. घुग्घुसला राहायचे आणि आसपासच्या गावांत घरं बांधायचे. माझं टोक गेलं तेव्हा सगळ्यांनी त्यांना नवी टेप घ्यायला सांगितलं. त्यांनी घेतली नाही. ते माझा विसाचा आकडा भिंतीला टेकवायचे, दुसऱ्या टोकाला आकडा वाचायचे आणि मोठ्याने ओरडायचे.

"तीनशे वीस!"

"वीस वजा!" मजूर ओरडायचे.

"तीनशे!"

त्यांची मुलगी उर्वशी शाळेत जायच्या आधीच वजाबाकी शिकली ती अशी. ती एकदा ओठांतल्या ओठांत पुटपुटली, तर हेमराजमिस्त्री म्हणाले, "मोठ्यानं म्हण, पोरी. मनातल्या मनात म्हटलं का इसरते मानूस."

संध्याकाळी मूठ फिरायची आणि मी अंधारात गुंडाळली जायची. तिथे सगळी मापं एकमेकांवर झोपतात. कोणाच्या खिडकीवर कोणाचा उंबरठा, त्यावर कोणाची विहीर. आत पडल्या पडल्या मला एक गाव दिसायचं, ज्यातली सगळी घरं एकाच ठिकाणी उभी आहेत आणि तरी कोणाची कोणाला अडचण नाही.

१५०

उर्वशी नागपूरला जाऊन आर्किटेक्ट झाली. मग काही वर्षं तिने नगररचनेच्या कचेरीत काम केलं. तिथे राहत्या जागेला पिवळा रंग, शेतीला हिरवा, पाण्याला निळा. रस्ता म्हणजे दोन रेघा. रेघ मारताना तिच्याखाली काय आलं ते टेबलावर ऐकू येत नाही, असं ती घरी येऊन म्हणायची. शेवटी तिने वकिलीची परीक्षा दिली आणि काळा कोट घातला. घरांचे, रस्त्यांचे, बांधकामाचे खटले ती चालवू लागली.

"माही पोरगी घर काढाले शिकली, नकाशा रंगवाले शिकली," हेमराजमिस्त्री चहाच्या टपरीवर सांगायचे, "अन् आता दोन्हीवरून भांडून राह्यली."

याच काळात मी कपाटात पडले. उर्वशीने लाल ठिपक्याचं यंत्र घेतलं होतं. ठिपका भिंतीवर पडला की माप हजर. मित्रांनो, मला राग आला नाही. फक्त चामडं कडक झालं आणि मूठ हिरवी पडली. हेमराजमिस्त्री वारले तेव्हाही मी कपाटातच होते.

मग एका एप्रिलमध्ये गडचिरोलीच्या रानात भर उन्हात यंत्राचा ठिपका दिसेना. उर्वशी घरी आली आणि तिने कपाट उघडलं.

६१०

रानाला लागून एक टोला, म्हणजे छोटी वस्ती, आहे. पंधरा-वीस घरं. अलीकडे हा टोला नगरपंचायतीच्या हद्दीत आला आणि नकाशात त्याच्यामधून बारा मीटरचा रस्ता गेला. मधल्या रेघेपासून दोन्हीकडे सहा-सहा मीटर. तिथे राहणाऱ्या बुधरीबाईंना नोटीस आली. घर रस्त्यात येतं, पंधरा दिवसांत काढा. उर्वशीने कोर्टातून नोटीस थांबवली आणि मला घेऊन मोजायला आली.

घर मातीचं, पुढे पडवीसारखी सपरी, सपरीला बिजाच्या लाकडाचे चार खांब. कोपऱ्याच्या खांबाला बुधरीबाई दरवर्षी नव्या धानाची पहिली लोंबी बांधतात. होणाऱ्या रस्त्याच्या मधल्या रेघेवर रोवलेल्या दगडावर उर्वशीने खडूने फुली मारली. बुधरीबाईंचा भाऊ चैतू माझं टोक धरून दगडापाशी बसला. तिने त्याला विसाचा आकडा बरोबर फुलीवर टेकवायला सांगितलं, फोटो काढला, आणि मला ओढत खांबापर्यंत नेलं.

"सहाशे दहा!" ती म्हणाली.

इथे कोणीतरी ओरडायला हवं होतं. कोणी ओरडलं नाही. हेमराजमिस्त्री नव्हते, त्यांचे मजूरही नव्हते. आणि नेमकं तेव्हाच बुधरीबाईंनी तिच्यासमोर ओंजळ धरली.

"बाई, मोजशीन मंग. चाखून तं पाह्य, आजचाच मोह होय."

उर्वशीने एक फूल तोंडात टाकलं. गोडव्याने तिचे डोळे मिटले. उघडले तेव्हा तिने वहीत लिहिलं, ६१०. आणि हसून म्हणाली, "घर सुटलं, बुधरीबाई! रस्त्यापासून दहा सेंटीमीटर बाहेर आहे."

चैतूने टोक सोडलं. मी धुळीतून सरपटत परत आले. मला सगळं कळत होतं. पण टेपला आकडे असतात, आवाज नसतो.

५९०

शपथपत्र दाखल झालं. फोटो जोडला गेला. आठवड्याने, रविवारी दुपारी, उर्वशी मला ओल्या फडक्याने पुसायला बसली. तिच्या वडिलांची ती सवय होती. पुसत पुसत ती टोकापर्यंत आली आणि तिचा अंगठा विसावर थांबला.

तिने वही उघडली आणि ६१० च्या खाली ५९० लिहिलं. फडकं वाळलं.

दुसऱ्या दिवशी कोर्टाबाहेरच्या झाडाखाली तिने बुधरीबाईंना आणि चैतूला सगळं सांगितलं. माप सहाशे दहा नव्हे, पाचशे नव्वद. खांब रस्त्यात येतो.

"मंग नको सांगू न कोनाले," चैतू हळूच म्हणाला. "टेप तुही, वही तुही."

"शपथ घेऊन लिहिलंय, चैतूभाऊ. पण सांगितलं तर घर जाईल अशी भीती आहे. म्हणून आधी तुम्हाला विचारते."

बुधरीबाईंनी विचारलं, "दहा म्हंजे केवढं?"

उर्वशीने आपला तळहात आडवा धरला. बुधरीबाई हसल्या. "एवढंच? एवढ्यासाठी चेहरा असा केला? खांब मांगं घेऊ. भिंतीले तं कोनी हात नाई लावत?"

उर्वशी घरांचे आराखडे काढायला शिकलेली बाई. खांबावर फक्त सपरी टेकलेली आहे, घर भिंतीवर उभं आहे आणि भिंत कितीतरी मागे आहे, हे तिला कळायला हवं होतं. नोटिशीत नुसतं 'घर' लिहिलं होतं, आणि तिनेही खांब मोजून वही मिटली होती. भिंत कोणी मोजलीच नव्हती.

"सांगून टाक बाई," बुधरीबाई म्हणाल्या. "रोज त्या खांबाले धरून उठतो मी. त्याच्याबद्दल खोटं नको."

कोर्टात उर्वशी उभी राहिली. "माझ्या शपथपत्रात चूक आहे," तिने सांगितलं. न्यायाधीशबाईंनी मला टेबलावर मागवलं आणि दोन बोटांनी ओढलं.

"हिला सुरुवातच नाही की!"

"नाही, मॅडम. मी वीस वजा करायला विसरले." मग तिने खांब आणि भिंत वेगवेगळी धरून, सगळ्यांसमोर पुन्हा मोजणी मागितली.

समोर नगरपंचायतीचे वकील गुणवंतराव होते. तेही कोट घालण्यापूर्वी वीस वर्षं नगररचनेच्या कचेरीत होते. त्यांच्या फायलीतून एक मोठा केलेला फोटो अर्धा बाहेर आला होता. मी ओळखला. दगड, खडूची फुली, माझं टोक, आणि विसाच्या आकड्याभोवती लाल शाईचं वर्तुळ. गुणवंतरावांनी उर्वशीकडे पाहिलं आणि फोटो आत सरकवला. "मोजणीला हरकत नाही," ते म्हणाले.

बाहेर व्हरांड्यात ते तिला म्हणाले, "आज तुम्ही बोलल्या नसत्या न मॅडम, तं मी बोललो असतो. मग तुमच्या भिंतीवर कोणी विश्वास ठेवला असता?"

"फोटोत दिसलं तुम्हाला?"

"नकाशे रंगवण्यात जिंदगी गेली. मी आधी आकडा पाहतो, मानूस मंग."

७६०

पुन्हा मोजणी झाली तेव्हा टोल्यातली सगळी माणसं जमली होती. दगडापाशी गुणवंतराव स्वतः उकिडवे बसले. उर्वशीने त्यांना आणि टोल्याला आधीच शिकवून ठेवलं होतं.

"खांब! सहाशे दहा!"

"वीस वजा!"

"पाचशे नव्वद! आता भिंत. सातशे साठ!"

"वीस वजा!" रान दणाणलं.

"सातशे चाळीस!"

कोर्टाच्या कागदावर आलं की सपरी मागे घ्यावी, घराला हात लावू नये. चैतूने खांब उपटले आणि दहाऐवजी हातभर मागे रोवले. "सरकारले बी मोकळं वाटलं पाह्यजे," तो म्हणाला. बुधरीबाईंनी लोंबी पुन्हा बांधली, खांबाला धरून एकदा बसल्या, एकदा उठल्या, आणि मान हलवली.

आता माझ्या डबीवर उर्वशीने पांढऱ्या रंगाने दोन शब्द लिहिले आहेत. कोणीही मला हातात घेतलं की ते आधी वाचतं.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी जुनी पट्टी, जुना तराजू असेल. त्याला ओलं ठेवू नका, धूळ पुसा. आणि त्याच्यात काय कमी आहे ते माहीत असेल, तर ते लपवू नका आणि मनातही ठेवू नका. मोठ्याने म्हणा. जे कमी आहे ते सांगितलं, तर उरलेलं सगळं अजून खरं मोजता येतं. मी अजून मोजते.

० ते २०

माझे पहिले वीस सेंटीमीटर माजरी गावातल्या एका शाळेच्या पायात आहेत. ओतलेल्या काँक्रीटमधून ते निघेनात, तेव्हा हेमराजमिस्त्रींनी ते विळ्याने कापले.