बाईसाहेबांमार्फत

धाकटी तीन वर्षांत थोरल्या जावेशी एक अक्षर बोलली नव्हती, आणि दोघी रोज आठ तास एकाच टेबलाच्या दोन टोकांना बसून कपडे शिवत होत्या. आता बोलल्याशिवाय शिलाईचं दुकान चालतं का? चालतं. त्यासाठी दुकानात बाईसाहेब होत्या. बाईसाहेब म्हणजे कोट चढवून बघायचा पुतळा. मानेच्या वर काही नाही, कमरेखाली नुसता लोखंडी दांडा. ‘बाईसाहेब, जाऊबाईंना सांगा, अस्तराचं कापड संपलं,’ असं धाकटी म्हणायची. ‘बाईसाहेब, तिला सांगा, कपाटात खालच्या खणात बघ,’ असं थोरली म्हणायची. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, बाहेरची कामं बघायचे आणि या भानगडीत पडायचे नाहीत. शहाणे होते.

भांडणाचं मूळ म्हणजे एक बाही. धाकटीच्या हातून ती बोटभर आखूड झाली, आणि थोरली गिऱ्हाइकासमोर हसत म्हणाली, “हिचं कॉलेज अर्धवट राहिलं ना, तशीच बाही.” गिऱ्हाईकही हसलं. धाकटीचं टाळकंच सटकलं. कॉलेजचं खरं होतं. शेवटच्या वर्षाचा एक विषय राहिला असताना लग्न झालं, मग देऊ म्हणाली, आणि ते ‘मग’ वीस वर्षांत काही उगवलं नाही. थोरलीला हे सगळं ठाऊक होतं, आणि तिने नेमकं तिथेच बोट ठेवलं. त्या दिवसापासून अबोला.

तर त्या कॉलेजने राहिलेले विषय घरबसल्या, ऑनलाइन पुरे करायची सोय काढली. धाकटीचा विषय होता व्यक्तिमत्त्वाचं मानसशास्त्र. तिने कुणाला न सांगता नाव घातलं. मनात एकच चित्र होतं. पदवीचा कागद आला की कापायच्या टेबलावर थोरलीच्या नाकासमोर ठेवायचा आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. अभ्यासाची गोडी वगैरे लोक म्हणतात ती असेल कुणाला, हिला सूड घ्यायचा होता.

कानात मोबाइलचं इअरफोन घालून ती काजं करता करता व्याख्यानं ऐकायची. माणसाचा स्वभाव पाच बाजूंनी मोजता येतो, हे कळल्यावर तिने घरादाराला मापात घेतलं. नवऱ्याला मनमोकळेपणात पाचपैकी दोन. तो बिचारा गुमान जेवत होता. थोरलीला प्रेमळपणात शून्य. त्या मापात शून्य नव्हतंच, एकपासून सुरुवात होती, पण हिने दिलं.

घोडं अडलं शेवटच्या प्रकल्पावर. साठ वाक्यांचा एक तक्ता. प्रत्येक वाक्य आपल्याला किती लागू पडतं ते एक ते पाच आकड्यांत लिहायचं. मग तोच तक्ता आपल्याबद्दल दुसऱ्या कुणीतरी भरायचा. नवरा चालणार नाही, रक्ताचं नातं चालणार नाही. जागेपणीचे सर्वांत जास्त तास आपण जिच्या डोळ्यांसमोर असतो, अशी व्यक्ती हवी.

अशी व्यक्ती टेबलाच्या पलीकडे बसून बटणं लावत होती.

धाकटीने सोपा मार्ग काढला. दोन्ही तक्ते स्वतःच भरले, दुसऱ्याखाली ‘एक मैत्रीण’ असं लिहिलं. तिसऱ्या दिवशी शिकवणाऱ्या बाईंचं पत्र आलं. ‘तुमचं आणि तुमच्या मैत्रिणीचं साठच्या साठ वाक्यांवर एकमत आहे. इतकं जुळ्या बहिणींचंही होत नाही. शिवाय मैत्रिणीने तक्ता चार मिनिटांत भरला. खरी व्यक्ती शोधा, नाहीतर नापास.’ धाकटीचं तोंड एवढंसं झालं. दोन दिवस ती नुसती पायमशीन दामटत राहिली.

तिसऱ्या दिवशी तिने पुतळ्याकडे तोंड केलं. “बाईसाहेब, जाऊबाईंना विचारा, साठ प्रश्नांची उत्तरं द्यायला वेळ आहे का.”

थोरलीने दोरा दातांनी तोडला. “बाईसाहेब, कुणाबद्दल आहेत ते विचारा.”

“माझ्याबद्दल म्हणून सांगा, बाईसाहेब.”

“मग साठ कमी पडतील म्हणावं, बाईसाहेब.”

तरी तिने तक्ता उघडलेला धाकटीचा फोन घेतला. कपडे घालून बघायच्या कोपऱ्यात गेली, पडदा ओढला आणि तासभर बाहेर आली नाही. आतून दोनदा हसण्याचा आवाज आला. धाकटीने त्या तासात एका सदऱ्याला दोन डाव्या बाह्या जोडल्या. नियम असा की दुसऱ्याने भरलेलं आपण बघायचं नाही, ते परस्पर बाईंकडे जायचं. जीव नुसता टांगणीला लागला.

बाईंचं उत्तर आलं ते वरताण. ‘बुधवारी दोघी कॅमेऱ्यासमोर बसा. ज्या वाक्यावर तुमचे आकडे सर्वांत लांब आहेत, त्यावर एकमेकींशी पाच मिनिटं बोला. मी ऐकेन. निम्मे गुण त्याचेच.’

एकमेकींशी. धाकटीने तो शब्द पुन्हा वाचला.

बुधवारी दुपारी दुकानाचं दार लावलं. थोरली लग्नाला निघाल्यासारखी नटून आली होती. कॅमेऱ्यात तिघी दिसत होत्या, डावीकडे धाकटी, उजवीकडे थोरली, आणि मागे अर्धा कोट घातलेल्या बाईसाहेब.

“मागे उभ्या आहेत त्या कोण?” बाईंनी विचारलं.

“आमच्यातल्याच आहेत,” थोरली म्हणाली.

बाईंनी चष्मा पुसला आणि पुढे वाचलं. “हट्टीपणात दोघींनी पाच दिलेत, तिथे वाद नाही. वाद या वाक्यावर आहे. ‘हाती घेतलेलं काम ती शेवटापर्यंत नेते.’ तुम्ही स्वतःला दिलाय एक. यांनी तुम्हाला दिलेत पाच. विचारा त्यांना, का.”

धाकटीला वाटलं, ही टिंगल आहे, परक्या बाईसमोर पुन्हा तेच. ती ताडकन मागे वळली. “बाईसाहेब, यांना विचारा…”

“त्यांना नाही,” बाई म्हणाल्या. “एकमेकींशी.”

धाकटी पुतळ्याकडेच तोंड करून बसली. इतका अभ्यास, इतकी जागरणं आणि आता हे सगळं एका प्रश्नावर जाणार, असं तिला दिसायला लागलं.

मग थोरलीनेच खुर्ची वळवली. “सांगते. तीन वर्षं अबोला धरलास, एक दिवस चुकवला नाहीस. मागच्या साली सुई तुझ्या बोटातून आरपार गेली, मी हाताच्या अंतरावर, तर ‘आई गं’ तेसुद्धा पुतळ्याकडे बघून म्हणालीस. घसा बसला होता तेव्हा चिठ्ठ्या लिहून पुतळ्याच्या खांद्याला टाचल्यास. अर्धवट म्हणाले होते मी तुला. हलकटपणा केला. तुझ्यासारखी तडीला नेणारी बाई मी जन्मात बघितली नाही. मी तर पहिल्याच आठवड्यात कंटाळले होते.”

“पहिल्याच आठवड्यात?” धाकटी म्हणाली. थोरलीकडे बघून म्हणाली, हे तिच्या लक्षातही आलं नाही.

“चौथ्या दिवशी म्हण. पण तू इतकी मन लावून करत होतीस, म्हटलं, हिचं हेही मोडायला नको.”

धाकटीला असा काही राग आला की डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तीन वर्षं. तीन वर्षं ही बाई समोर बसून बटणं लावत होती आणि वाट बघत होती.

“तुम्ही बोलायचं होतंत. मोठ्या ना तुम्ही?”

“आणि तू उत्तर दिलं असतंस?”

“नसतं दिलं. तरी बोलायचं होतंत.”

पाच मिनिटं झाली, असं बाई दोनदा म्हणाल्या. धाकटीने डोळे पुसत हात लांब केला आणि कॅमेरा बंद करून टाकला. पास की नापास हे विचारायचंही तिला सुचलं नाही. तिला थोरलीशी भांडायचं होतं, तोंडावर, आणि तीन वर्षांचं साठलेलं होतं.