ताईच्या पाठीवरचा धावदोरा

भाच्याच्या त्या पत्राला मी कितीतरी दिवस उत्तर दिलं नव्हतं. मी फोन उचलत नाही हे ठाऊक असल्यामुळे त्याने पत्र पाठवलं होतं. 'मामा, आईचं डोकं ठिकाणावर आहे का? तुम्ही सांगाल ते मानेन. नसेल तर तिच्या घराला कुलूप लावतो आणि तिला इकडे घेऊन येतो.'

प्रश्न सोपा होता. मला सोपे प्रश्नच जड जातात. शिवाय त्या वेळी ताई माझ्याच घरात मुक्कामाला होती, आणि ती जावी असं मला मनापासून वाटत होतं.

झालं होतं ते असं. सत्तरी ओलांडल्यावर ताईने गोंदून घेतलं. तेही उजव्या खांद्याच्या मागे, बाही जोडतात त्या जागी. जन्मभर शिवणकाम करून खांदे आखडलेले, त्यामुळे तिचा हात तिथे पोहोचेना. गोंदणाऱ्या मुलीने बजावलं होतं की जखम भरेपर्यंत ती जागा साध्या साबणाने धुवायची, टिपून कोरडी करायची आणि मलमाचा पातळ थर द्यायचा. मग काय, ताई पिशवी घेऊन माझ्या दारात. तुला तसंही काय काम असतं, म्हणाली. मला काम असतं. मी वाचतो. पण हे मी कुणाला ठासून सांगितल्याचं आठवत नाही.

पातळ म्हणजे किती पातळ, हे त्या मुलीने दिलेल्या कागदावर नव्हतं. विचारायला म्हणून मी तिच्या दुकानापर्यंत गेलो आणि दारातून परत आलो. दुसऱ्या दिवशी आत शिरलो. बुटाला पॉलिश लावता ना आजोबा, त्याहून कमी, असं ती म्हणाली. मी तसं लावलं, तर ताई म्हणे एवढी काटकसर कशाला. जरा जास्त लावलं, तर भिंत रंगवतोयस का. खपली धरल्यावर तर माझ्या नाकी नऊ आले. खाजवायचं नाही असं सांगितलेलं, आणि ही माझ्या फूटपट्टीने खाजवायची. फूटपट्टी लपवली, तर शब्दकोशाच्या कोपऱ्यावर पाठ घासताना सापडली. उन्हात बसू नकोस म्हटलं की खुर्ची मुद्दाम खिडकीशी. मधल्या वेळात तिने माझी सगळी पुस्तकं उंचीप्रमाणे लावून टाकली.

आणि हे सगळं कशासाठी? निळ्या, बारीक, तुटक रेघांच्या एका ओळीसाठी. फॉर्मवर 'येथे कापा' म्हणून असते ना, अगदी तशी. मी तसं बोलून दाखवलं.

"धावदोरा आहे तो, पुस्तक्या," ताई म्हणाली. "टाके सारखे आलेत का तेवढं बघ. मधला एक आखूड आहे का?"

होता. मी नाही म्हणालो.

"खोटं बोलतोस. सुई टोचली तेव्हा मी हलले होते."

त्या दुपारी मी उत्तर लिहायला बसलो. 'तिच्या वागण्यात अलीकडे थोडा बदल' इथवर आलो. हे धडधडीत खोटं नव्हतं. पुढे दोन शब्द लिहिले असते की माझी खोली पुन्हा माझी झाली असती. पण 'बदल' बरा की 'फरक', यातच मी अडकलो, आणि तेवढ्यात मलमाची वेळ झाली.

"त्याचं पत्र आलंय ना?" पाठ करून बसत ताई म्हणाली. "मला सांगूनच पाठवलंय त्याने. काय लिहिणार आहेस?"

"अजून ठरलं नाही."

"तुझं कधी काय ठरलंय?"

मला राग आला. एवढा खटाटोप करायचाच होता, तर दिसेल अशा जागी तरी करायचा, असं मी म्हणालो. जन्मात कधी तुझ्या नजरेला पडणार नाही ते.

"म्हणूनच तिथे," ती म्हणाली. "दिसलं असतं तर तो आखूड टाका उसवत बसले असते. मी मला ओळखते." मग म्हणाली, "आजवर शिवलं ते सगळं लोकांच्या अंगावर गेलं. एक ओळ माझ्या अंगावर राहू दे म्हटलं. यात डोक्याचा काय संबंध? त्याच्याकडे गेले तर मशीन ठेवायला जागा नाही म्हणतो. मशीन नाही तर मी दिवसभर करू काय? तुझ्यासारखी वाचत बसू?"

मी बोटावर मलम घेऊन तसाच उभा राहिलो. जिला स्वतःची एवढी ओळख आहे तिचं डोकं फिरलंय असं लिहायचं, तर माझ्याबद्दल काय लिहावं लागेल? माझा तर एक शब्द ठरत नव्हता.

हात धुतले आणि कागद घेतला. 'तुझ्या आईचं डोकं ठिकाणावर आहे. मला झेपतं त्याहून जास्तच आहे. ती येणार नाही, मशीनजवळ राहील. कुलूप लावायला आलास तर आधी मला भेटावं लागेल.'

शेवटचं वाक्य मी पुन्हा वाचलं. ते खोडावंसं वाटलं. त्याआधीच पाकीट चिकटवलं आणि चपला घातल्या. कुठे निघालास, मलम अर्धवट राहिलंय, असं ताई आतून विचारत होती.

टपालपेटीशी मी बराच वेळ उभा राहिलो असणार. मागे एक बाई आपलं पत्र घेऊन थांबली होती. "टाकताय ना?" तिने वैतागून विचारलं.

टाकलं.