वोल्दूचा हात

अस्मारा शहरातून खाली केरेनला सायकलवर जायचं म्हणजे एकामागे एक रांग धरायची. रस्ता फक्त पहिल्याला दिसतो. बाकीच्यांना दिसते ती पुढच्याची पाठ. म्हणून खड्डा आला की पहिल्याने हात खाली सोडून तो दाखवायचा आणि मागच्याने ‘पाहिला!’ असं ओरडायचं. सहा जणांचा हा कंपू अकरा वर्षं दर मे महिन्यात असाच जात होता. हा नियम मोडला तो वोल्दूने. तोही सायकलदुरुस्तीवाला, म्हणजे कळलं नाही असं म्हणायलाही सोय नाही.

त्याच्या मागे बेराकी होता. बेराकी न्हावी, आणि दुकानात काय नि रस्त्यावर काय, त्याचं तोंड कधी मिटत नसे. आदल्या दिवशी त्याने सगळ्यांचे केस फुकट कापले होते, आणि त्या बदल्यात आज सगळ्यांची फिरकी घेत होता.

“वोल्दू, तुझी पाठ म्हणजे चर्चची भिंत आहे बघ! वारा लागत नाही इथे.”

“मग ये की पुढे. तुझी पाळी केव्हाच आलीय.”

“पुढे येऊन गप्पा कुणाशी मारू? शेळ्यांशी? आणि मी पुढे आलो तर तुझ्या टकलावर लक्ष कोण ठेवणार? गेल्या महिन्यापर्यंत चार केस फिरवून झाकत होतो. आता माझ्याही हाताबाहेर गेलंय.”

सगळे खदखदून हसले. कधी न हसणारे अबोय तेवेल्देसुद्धा हसले. तेवेल्दे निवृत्त शिक्षक, कंपूतले सगळ्यांत वडीलधारे, म्हणून सगळे त्यांना ‘अबोय’, म्हणजे बाबा म्हणत. त्यांच्या शब्दावर ब्रेक लागायचे. वोल्दूचे कान तापले. पंचवीस किलोमीटर वारा त्याने एकट्याने खाल्ला होता, आणि वर हे.

अदी तेकेलेझान गाव मागे टाकून उतार लागला. वळणावर त्याला खड्डा दिसला, चांगला परातीएवढा. डावा हात हँडलवरून सुटला, वीतभर खाली गेला. तेवढ्यात मागून आवाज आला, “टक्कलराव, जरा जोर लावा!” वोल्दूचा हात परत हँडलवर गेला. बसू दे एक दणका, त्याला वाटलं. एक दणका, बस्स.

त्याने स्वतः खड्डा चुकवला. मागे चाक आपटल्याचा आवाज झाला, मग पत्र्यासारखा खडखडाट, मग काही नाही.

बेराकी रस्त्याच्या कडेला पडला होता. उजवा खांदा भलताच खाली आला होता. वोल्दूने धावत जाऊन आपलं जाकीट काढून त्याच्या डोक्याखाली दिलं. त्याची धावपळ बघून सगळ्यांना वाटलं, बिचारा घाबरलाय.

अबोय बेराकीवरच डाफरले. “बडबड्या! समोर बघायला काय होतं तुला? वोल्दू तर लेंडीसुद्धा दाखवतो!”

“माझंच चुकलं, अबोय,” बेराकी कण्हत म्हणाला. “मी उंट बघत होतो. त्याने दाखवलाच असणार.”

वोल्दूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बोलायची वेळ तीच होती, पण तो बेराकीच्या वाकड्या झालेल्या चाकाशी खुडबुड करत बसला.

मागून आलेल्या पिकअपने बेराकीला सायकलीसकट पुढच्या गावी, एलाबेरेदला नेलं, बाकीचे सायकलींवर पोचले. तिथे लेतेब्रहान या म्हाताऱ्या बाईंकडे, सगळ्यांच्या ‘अदेय’ म्हणजे आईकडे, दरवर्षी कॉफी ठरलेली. त्यांनी आपली पांढरी ओढणी फाडून बेराकीचा हात गळ्यात बांधला. दवाखान्याची गाडी तासाभरात येणार होती. कॉफी उकळत होती. पहिली फेरी झाली, दुसरी झाली. वोल्दू उठला.

“मी जरा चाकं बघतो, अदेय.”

“बस खाली! तिसरा प्याला न घेता या दारातून कोणी गेलंय का? तो आशीर्वादाचा असतो.”

तो बसला. बेराकीने डाव्या हाताने प्याला धरला होता आणि निम्मी कॉफी मांडीवर सांडत होता. कात्री धरायचा त्याचा हात गळ्यात लटकला होता.

“अदेय,” बेराकी म्हणाला, “आज आशीर्वाद याला द्या. स्वतः गार वाऱ्यात कुडकुडला, पण जाकीट मला दिलं. मी याला इतकं छळतो, तरी.”

म्हाताऱ्या बाईंनी वोल्दूच्या टकलावर हात ठेवला. त्या बोटांची ऊब त्याला सोसवेना. शरमेने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

“मला खड्डा दिसला होता,” तो म्हणाला. “हात खाली नेला होता मी. मग परत घेतला. मुद्दाम.”

अदेयनी हात काढून घेतला. कोळशावरची किटली तेवढी खदखदत होती. सगळे बेराकीकडे बघत होते, आता हा काहीतरी बोलेल म्हणून, निदान एखादी शिवी देईल म्हणून. बेराकीने प्याला खाली ठेवला. वोल्दूने त्याला असं गप्प कधी पाहिलं नव्हतं.

गाडी आली. चढताना बेराकीने जाकीट काढून बाकावर ठेवलं आणि अबोयना म्हणाला, “माझी सायकल तुम्ही सांभाळा.”

निघताना वोल्दू रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.

“पुढे हो,” अबोय म्हणाले.

“अबोय, आज नको.”

“पुढे हो म्हटलं ना.”

तो पुढे झाला. एरवी मागच्याचं चाक इतकं जवळ असायचं की टायरची सळसळ ऐकू यायची. आता ती येईना. त्याने मान वळवून पाहिलं, तर अबोय चांगले तीन सायकलींइतकं अंतर सोडून मागे होते, आणि जो तो रांगेतून थोडा बाहेर सरून रस्ता आपल्या डोळ्यांनी बघत होता.

खड्डा आला. वोल्दूने हात खाली सोडला, बोटं ताणून दाखवला. केरेनपर्यंत त्याने एकही खड्डा सोडला नाही, खडासुद्धा सोडला नाही. मागून एकदाही कुणी ‘पाहिला’ म्हणालं नाही.