घडी चुकलेला धागा

मी एक धागा बोलतोय. शिवणकामाचा नव्हे हो! सहा वर्षांच्या एका मुलीच्या पेशीत राहतो मी. गुणसूत्र म्हणतात मला. ताणलं तर तुमच्या बोटाएवढा भरेन, पण माझी खोली धुळीच्या कणाहूनही लहान, आणि तीत पंचेचाळीस भावंडं!

त्यात माझा स्वभाव चुळबुळ्या. क्षणभर स्वस्थ बसवत नाही. तरी गुंता होत नाही, कारण अंगठीसारखी इवली इवली कडी मला ओढून ओढून वेढे पाडतात आणि ठरावीक खुणेपाशी थांबतात. कोणत्या जनुकाने कोणाशेजारी बसायचं, ते त्यावरूनच ठरतं.

माझ्या मालकिणीची दोन बोटं जन्मापासून जुळलेली. "गरोदर असताना मी जिन्यावरून घसरले, माझ्यामुळेच झालं," असं तिची आई धरून बसलेली. रडून रडून अर्धी झाली बिचारी. शेवटी डॉक्टरांनी मुलीच्या कातडीचा कणभर तुकडा प्रयोगशाळेत पाठवला, त्यासोबत मीही पोचलो.

तिथे नणंद-भावजयीची जोडी. वहिनी जीवशास्त्रवाली, नणंद भौतिकशास्त्रवाली. वहिनीने माझं अक्षर न् अक्षर वाचलं. माझा एक तुकडा गळालेला तिला दिसलाही. पण त्या तुकड्यात जनुक नव्हतं, म्हणून "रिकामी जागा" असं लिहून तिने तो सोडून दिला. मी जीव तोडून ओरडत होतो, अहो, तिथेच तर खूण होती! ऐकतंय कोण?

नणंदेने संगणकावर माझ्यासारखा धागा केला. नुसता गुंता!

"वहिनी, तुझ्या धाग्याला काही वळणच नाही गं."

"अगं, त्याला कडी ओढतात. ती घाल ना!"

"आणि ती थांबतात कुठे?"

वहिनीने खुणांची यादी काढली आणि कपाळावर हात मारला. "अगंबाई! एक खूण त्या रिकाम्या जागेतच होती!"

संगणकातल्या धाग्यावरची ती खूण काढून पाहिली, तर वेढा थेट शेजारच्या जनुकापर्यंत लांबला. म्हणजे असंच भलतं जनुक जागं झालं असणार आणि मुलीची बोटं पोटात वेगळी व्हायची राहिली असणार. मुलीच्या पेशीत तपासलं, तर तिथेही अगदी तसाच वेढा.

मग मुलीच्या आईला बोलावलं. आईबाबांचे धागे तपासून झाले होते, दोघांचेही शाबूत होते; म्हणजे माझा तुकडा बीज घडतानाच गळाला होता.

"मग तो जिना?" तिने विचारलं.

"त्याचा काही संबंध नाही, ताई," वहिनी म्हणाली.

"सहा वर्षं स्वतःला शिव्या घालतेय हो मी," म्हणत ती हमसून हमसून रडली.

आता मी एका कुपीत गारठून पडलोय. तुम्हाला एवढीच विनवणी, मला नुसतं वाचू नका, माझी घडीही बघा. आणि माउली, मला माफ कर. तुझा पाय घसरला त्याच्या कितीतरी आधी, तुझ्या पोटात यायच्याही आधी, माझा तो तुकडा गळाला होता.