परात, तांब्या अन् प्रफुलचे पाय

माह्या सासूनं पोराचं नाव शांतवन ठेवलं, तेव्हाच पाळकानं तिले विचाराले पाहिजे होतं, की बाई, पोराचं रडणं ऐकलं का आधी? नावात शांती अन् गळ्यात लाऊडस्पीकर! आलापल्लीत आमचं फर्निचरचं दुकान आहे, सागाचं काम. मशीन चालू असली तरी तिच्या वरून शांतवन मिस्त्रीचा आवाज रस्त्यावर ऐकू येते. मी त्यांची बायको, रूथ. पालिश मी करते, गिऱ्हाइकाशी गोड मी बोलते, अन् मिस्त्रीनं तोडलेली माणसं जोडाचं कामही माह्याच नशिबात आहे.

पण या खेपेस त्यांनी जे तोडलं ते मलेही जोडता येईना.

झालं असं, की ईस्टरसाठी चर्चचं नवीन पुलपीट आम्ही बनवून राह्यलो होतो. पाळकसाहेब ज्याच्यामागं उभं राहून उपदेश करतात, ते. त्याच्या दर्शनी बाजूसाठी मिस्त्रीनं सागाची एक लांब रुंद फळी किती दिवसापासून जपून वाळवली होती. एक गाठ नाई, रेघा अशा सरळ की माणसानं नुसता हात फिरवत बसावं. अन् ऐन कामाच्या वेळी ती फळी गायब!

दुकानाची चाबी राहे प्रफुलजवळ. प्रफुल आमचा मोठा कारागीर. मिसरूड फुटली नव्हती तेव्हा आला अन् आमच्याच हाताखाली तयार झाला. आमची पोरगी रिना त्याले राखी बांधते. हात सोन्याचा, पण मान ताठ. मिस्त्रीनं ना विचारलं, ना शोधलं. बाजाराचा दिवस, रस्ता माणसानं भरलेला, अन् हे पायरीवर उभं राहून सुरू झाले.

"चोरा! देवाच्या घरची फळी खाल्ली तू! चाबी ठेव अन् नीघ इथून!"

मी म्हटलं, "अवो, आधी पाहून तं घ्या!"

"तू गप बस!"

प्रफुलनं चाबी ठेवली, चप्पल घातली, अन् चालला गेला. भाजीवाल्या बाया तराजू हातात धरून पाहत राहिल्या. मले असा राग आला होता ना, की त्या दिवशी मी मिस्त्रीच्या वरणात मीठच टाकलं नाई.

आता बाजारात बोललेलं कुठी थांबते का? एसटीत बसून ती गोष्ट थेट सावली गावाले गेली. अन् सावलीलेच प्रफुलची सोयरीक ठरली होती. वामनरावची पोरगी पुनम. पसंती झाली होती, साक्षगंधाची तारीख तेवढी काढाची होती. एका दुपारी प्रफुलची आई वच्छलाबाई माह्या स्वयंपाकघरात येऊन बसली.

"रूथबाई, सावलीवाले फोन उचलून नाई राह्यले," ती म्हणाली. "मालकानं माह्या पोराले दोन थापडा मारल्या असत्या तं चाललं असतं. पण चोर काऊन म्हटलं? चोराले कोण पोरगी देते?"

मी तिच्या पुढ्यात चहा ठेवला. तिनं तो घेतला नाई अन् मीही आग्रह केला नाई. रोज प्रार्थनेत मोठ्यानं 'आमच्या अपराधांची क्षमा कर' म्हणणारा माणूस आतल्या खोलीत बसला होता, अन् मले त्याच्या नावानं लाज वाटून राह्यली होती.

मग आला गुड फ्रायडेच्या आधीचा गुरुवार. त्या दिवशी आमच्या चर्चमंदी पाळकसाहेब बारा माणसायचे पाय धुतात, प्रभूनं शिष्यांचे धुतले तसे. यंदा बारांत मिस्त्रीचा नंबर लागला. नवा सदरा घालून, पाय आधीच घरी साबणानं घासून गेले. म्हणजे पाळकसाहेबाले धुवाले काही शिल्लकच नाई! समोर दोन्हीकडं विटा रचून त्याच्यावर फळी टाकली होती, तिच्यावर ते बारा जण ओळीनं बसले. वचन वाचणं झालं, गाणं सुरू झालं, पाळकसाहेब एकेकाचे पाय धूत धूत पुढं येऊन राह्यले. मिस्त्रीनं भक्तिभावानं मान खाली घातली.

अन् घातली ती वरच येईना. मी बायांच्या बाजूनं पाहून राह्यली होती. माणसाचा चेहरा हळूहळू चुन्यासारखा झाला. मांडीखालच्या फळीवरून बोट फिरवलं, वाकून पाह्यलं, परत फिरवलं. पाळकसाहेब पाय हातात घेऊन बसले अन् हे आपल्याच बुडाखाली पाहून राह्यले!

तीच फळी होती, बाई! आपलीच! मिस्त्रीच्या हातची पेन्सिलची खूण तिच्यावर. पुलपीटच्या जागेचं माप घ्यासाठी बाजाराच्या दिवसाआधीच्या रविवारी त्यांनी स्वतःच ती चर्चमंदी आणली, भिंतीले टेकवली, अन् घरी येऊन साफ विसरले. चर्च झाडणाऱ्यानं पाह्यलं, चांगली फळी आहे, बाक होते. झाला बाक.

घरी येऊन मिस्त्री जेवले नाई. मीही म्हटलं, राहू दे, आज याच्या पोटात देव बोलून राह्यला, आपण कायले मधात पडाचं.

गुड फ्रायडेच्या सकाळी पाहते तं काय, मिस्त्री अंगणात बसून तांब्या घासून राह्यले. बाजूले पितळेची परात, पाट अन् कोरा टॉवेल.

"कुठी?" मी विचारलं.

"प्रफुलकडं. त्याचे पाय धुतो. प्रभूनं धुतले, मी काऊन नाई?"

खरं सांगते, माह्या डोळ्यात पाणी आलं. पण मी काही कमी नाई. विचारलं, "अन् बोलाल काय?"

"बोलाले काय लागते? पाय धुतले की माणूस समजते."

"वा जी! जिंदगीभर बोलून बोलून लोकायचे कान फोडले, अन् नेमकं आजच तोंडाले कुलूप?"

पण ते ऐकतील तं शांतवन कसले! निघालो. पुढं मिस्त्री, खांद्यावर कोरा टॉवेल, बगलेत पाट, हातात चकचकीत तांब्या. मागं मी परात घेऊन. आता आमच्यात लग्नात सासऱ्यानं जावयाचे पाय धुवाची रीत नाई, म्हणून दोघांच्याही डोक्यात उजेड पडला नाई. पण नळावर शेजारची गुणाबाई होती. तिनं वरपासून खालपर्यंत पाह्यलं.

"कोणाकडं चालले जी सकाळी सकाळी?"

"प्रफुलकडं," मी म्हटलं.

"हाव काऽऽ?" म्हणाली, अन् भरती बादली नळाखाली तशीच सोडून पळाली. मी म्हटलं, हिच्या घरी दूध उतू गेलं असन.

प्रफुलच्या अंगणात गेलो तं खुर्चीवर वामनराव बसलेले. गुडघ्यावर टोपी, समोरच्या चहावर साय धरलेली. वच्छलाबाईचे डोळे लाल. प्रफुल खांबाले टेकून उभा, भिंतीकडं तोंड करून. वामनराव हळूच म्हणून राह्यले होते, "आमचा तुमच्यावर राग नाई बाई. पण पोरीचा मामला आहे. चार लोक काय काय बोलून राह्यले. आम्ही आता दुसरीकडं पाहतो..."

मी परातीच्या काठानं मिस्त्रीले मागून ढोसलं. पण मिस्त्रीले कोणी दिसलंच नाई. सरळ गेले, पाट मांडला, परात ठेवली, प्रफुलले दंडाले धरून पाटावर बसवलं अन् त्याचा पाय उचलून परातीत घेतला.

"भाऊ! काय करून राह्यले? मले पाप लागन!" प्रफुल पाय ओढाले लागला. पण खुर्चीची तंगडी शिकंज्यात पकडावी तसा मिस्त्रीनं तो घोटा पकडला होता. गुमान पाणी टाकून राह्यले, चोळून राह्यले. 

तेवढ्यात फाटकातून गुणाबाई, अन् तिच्या मागं अख्खा मोहल्ला.

"पाहा, म्हटलं होतं ना मी!" गुणाबाई ओरडली. "मालक रिनासाठी पोरगा मागाले आले! पायही धुऊन राह्यले!"

वामनराव ताडकन उठले. टोपी खाली पडली. "म्हणजे काय? सोयरीक आमच्याशी ठरली अन् पाय हे धुऊन राह्यले?"

"तुम्ही तं मोडाले आले होते ना जी!" वच्छलाबाई कडाडली.

"मोडाले आलो होतो. मोडली कुठी अजून?"

मागून कोणी तरी म्हणे, पोट्ट्या-पोट्टीत काही तरी असल्याबिगर मालक स्वतः परात घेऊन येत नाई. दुसरी म्हणे, पण हे तं चर्चवाले, यायच्यात चालते का? तेवढ्यात माहा फोन वाजला. नागपूरहून आमची रिना, नर्सिंग शिकते तिथी.

"आई! माहं लग्न ठरलं म्हणते! प्रफुलदादाशी? त्याले मी राखी बांधते, तुम्ही सारे बह्याड झाले का?"

बातमी आमच्याआधी नागपूरले पोहोचली होती, बाप्पा! मी म्हटलं, "ठेव तू फोन, तुह्या बापाले पाहू दे मले." अन् पाठीत एक गुद्दा घातला मिस्त्रीच्या. "बोला आता!"

"मी जावई कराले नाई आलो!" मिस्त्री ओरडले.

"मग पाय कायले धुऊन राह्यले?" वामनरावनं विचारलं.

 अन् माह्या नवऱ्याचा आवाज, जो मशीनवरून ऐकू येते तो, पार घशात गेला. "ते... आमच्या धर्मात आहे तसं," एवढंच पुटपुटले.

तेव्हा वच्छलाबाई पुढं आली. आवाज चढवला नाई तिनं. "शांतवनभाऊ, माह्या पोराच्या पायाले मळ नव्हता लागला. नावाले लागला. बाजारात लावला तुम्ही. तो परातीत कसा निघन?"

मिस्त्रीच्या हातातला तांब्या तसाच राह्यला. माह्याकडं पाह्यलं त्यांनी. मी म्हटलं, "बरोबर बोलली ते बाई." मग ते उठले. गुडघ्यापर्यंत ओले, फाटकापर्यंत गेले, रस्त्याकडं तोंड केलं, अन् माह्या सासूच्या पोरानं जो आवाज काढला ना, तो डेपोपर्यंत गेला असन.

"ऐका हो! मी शांतवन मिस्त्री! बाजारात मी प्रफुलले चोर म्हटलं! प्रफुल चोर नाई! फळी मीच चर्चमंदी नेली अन् मीच विसरलो! काल आम्ही बारा जण पाय धुवाले बसलो तं त्याच फळीवर बसलो होतो!"

एक क्षण कोणाले कळलं नाई. मग मागं कोणी तरी फिसकन हसलं, अन् मग सारा मोहल्ला. बाया पदर तोंडाले लावून हसून राह्यल्या.

"हसा!" मिस्त्री म्हणाले. "हसण्यासारखंच काम केलं मी. पण घरोघरी जाऊन सांगजा, जसं ते सांगतलं तसं हेही सांगजा." अन् परत येऊन प्रफुलपुढं उकिडवे बसले. आवाज आता साधा होता. "पोरा, मी आधी शोधाले पाहिजे होतं. विचाराले पाहिजे होतं. मले माफ कर."

मी रडली. सांगाले काय लाज? इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाच्या तोंडून 'माफ कर' मी प्रार्थनेशिवाय ऐकलं नव्हतं.

प्रफुलनं ओला पाय परातीच्या काठावर टेकवला. "भाऊ," तो म्हणाला, "मले लय राग आहे तुमचा. जेवण जात नव्हतं."

"राहू दे राग. तो तुहा हक्क आहे."

 मग प्रफुलनं विचारलं, "बारा जण बसले म्हणता. फळी तडकली तं नाई ना?"

"नाई बाप्पा, तडकन कशी! मी वाळवली ती."

"तरी मी येतो उद्या, पाहून घेतो. तुमच्या एकट्याच्या हातानं पुलपीट वाकडं होईन, अन् ईस्टरच्या दिवशी पाळकसाहेब तोंडावर पडतील."

मिस्त्री हसले तं त्यांच्या नाकाडोळ्यातून सारंच वाहून राह्यलं होतं. कोऱ्या टॉवेलनं आधी स्वतःचं तोंड पुसलं, अन् प्रफुलचा दुसरा पाय घ्याले हात पुढं केला.

"थांबा जी," वामनराव म्हणाले.

त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, परातीजवळ खाली बसले, अन् मिस्त्रीच्या हातातून तांब्या काढून घेतला.

"तुमचा एक झाला," ते म्हणाले. "हा पाय सासऱ्याचा आहे."

वच्छलाबाईनं डोळ्याले पदर लावला. वामनरावनं पाणी टाकलं, अन् आता प्रफुलनं पाय ओढला नाई.