सतराचे बावीस

लेकीनं 'जमा'चं बटण माउसनं धरून उजवीकडे सरकवलं. निळी रेघ उमटली आणि बटण बाकीच्यांच्या ओळीत चपखल बसलं. वाचनालयाच्या प्रोग्रॅमची अख्खी खिडकी तासाभरात तयार! हीच खिडकी बांधायला बाबांना पंधरा दिवस लागले होते. एकेक चौकट, एकेक आकडा हातानं टाइप करून. ती चिडवायची, "बाबा, जग कुठल्या कुठे गेलं." ते मान वर न करता म्हणायचे, "तुझी ती ओढाओढी तुला लखलाभ."

बाबांना जाऊन तीन महिने झाले होते. वाचनालयात नवा संगणक आला, त्यावर त्यांचा प्रोग्रॅम चालेना, म्हणून तिनं तो नव्यानं मांडायला घेतला. त्यांचा कोड मात्र तिनं उघडलाच नाही. खिडकी तोंडपाठ होती, मग वाचायचं काय?

दुसऱ्या दिवशी आई वाचनालयात त्या नव्या खिडकीसमोर बसली. देवघेवीचं ते टेबल तिनं तीस वर्षं सांभाळलं होतं. एक गृहस्थ पुस्तक परत करायला आले. आईनं पडद्यावरच्या यादीवरून बोट फिरवलं, थांबली, पुन्हा फिरवलं. पुस्तक भलत्याच्याच नावावर जमा झालं.

"अहो, तो मी नव्हे," गृहस्थ हसले.

आईचे कान लाल झाले. ते गेल्यावर ती लेकीला म्हणाली, "मला नाही जमत हे बाई. उद्यापासून दुसऱ्या कुणाला तरी बसव."

हे टेबल सुटलं तर आई दिवसभर घरात बाबांच्या खुर्चीकडे बघत बसणार, हे लेकीला दिसत होतं.

बाबांच्या खिडकीत आई कधी अडली नव्हती, म्हणून दुपारी घरी येऊन लेकीनं त्यांचा कोड उघडला. अक्षरांच्या आकाराचा आकडा एका ओळीत होता आणि खाली त्यांच्या टिपा.

'अकराचे चौदा. हिनं कार्ड नाकाशी धरलं.'

'चौदाचे सतरा. डॉक्टरांचं नाव काढलं. दोन दिवस अबोला.'

'सतराचे बावीस. माझ्या डोळ्यांसाठी केलं म्हणून सांगितलं. पटलं.'

तिच्या देखण्या खिडकीत अकरा होता. तो तिनं निवडलाही नव्हता, आपसूक आला होता. तिला रडू कोसळलं. बऱ्याच वेळानं तिनं माउस बाजूला सारला आणि हातानं टाइप केलं, चोवीस.

सकाळी आई टेबलाशी बसली.

"एवढी ढब्बू अक्षरं? तुझ्या बाबांचे डोळे अधू, वर चष्मा बदलायचं नाव नको. पण तुला गं काय झालं?"

"मलाही हल्ली बारीक दिसत नाही," लेक म्हणाली. "डॉक्टरांकडे जायचंय, पण एकटीला भीती वाटते. येशील?"

आईनं यादीवर बोट ठेवलं. नाव लगेच सापडलं.

"येईन की," ती म्हणाली. "त्यांच्यासोबत जायचं राहूनच गेलं."