भिंतीखालचं पाणी

घरी आलेल्या पोरानं हातपाय धुवावे, आईजवळ घटकाभर टेकावं, तब्येतीचं दोन शब्द विचारावं. पंचफुलाबाईचा प्रफुल्ल मात्र शनिवारी नागपूरहून सौंसरला उतरला तो थेट मोटरीजवळ जाऊन उकिडवा बसला. चहा निवून गेला, त्यावर साय धरली, तरी त्याला शुद्ध नाही. पिशवीतून त्यानं साबणाच्या वडीएवढ्या तीन डब्या काढल्या आणि नळवाल्या गजाननाला हाताशी घेऊन चांगला चालता पाइप कापायला लागला.

“हे काय लावून राहिला?” पंचफुलाबाईनं विचारलं.

“सेंसर आहे, आई. बोअरमधून किती पाणी निघालं, टाकीत किती पडलं, सगळं मले नागपुरात मोबाइलवर दिसन.”

“तिथून पानी दिसन तुले. माय दिसन का?”

गजानन खाली मान घालून हसला. प्रफुल्लही हसला. “तुझ्यासाठीच करून राहिलो ना. मागच्या उन्हाळ्यात मोटर रिकामी चालून जळली, विसरली का?”

पंचफुलाबाई एरवी अशा बोलण्याला सोडणारी नव्हती. पण आज ती कण्हेरीकडे नजर टाकून आत निघून गेली. अंगणातलं पाणी मोजलं जाणं तिला नको होतं, आणि त्याचं कारण पोटच्या पोरालाही ठाऊक नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वी घराच्या वाटण्या झाल्या. अंगणातून भिंत गेली. दोघा भावांनी मिळून खणलेली बोअर थोरल्याच्या, म्हणजे पंचफुलाबाईच्या बाजूला आली. धाकट्यानं, गुणवंतानं, आपल्या बाजूला नवीन खणली तर तिला धूळच लागली. त्या दिवशी चार माणसांसमोर त्याची बायको वंदना म्हणाली, “या घरच्या पान्याचा घोट घेईन तर माह्या बापाचं नाव सांगणार नाही.” पंचफुलाबाईनं तिथल्या तिथं उत्तर दिलं, “घेऊ नको. कोनी हात जोडले का?” तेव्हापासून दोघी जावांचा अबोला. पुढं दोघींचेही नवरे गेले. पंचफुलाबाईच्या दारात तिरडी बांधली गेली तेव्हा वंदना आली, ऊर फुटेस्तोवर रडली, पण रिकाम्या घशानं परत गेली. कोणी हातात पाण्याचा गिलास दिला तर तिनं तो ओट्यावर ठेवून दिला. सगळ्या गल्लीनं पाहिलं.

गल्लीनं पाहिलं नव्हतं ते असं. एकत्र घराच्या काळातला एक लोखंडी पाइप भिंतीखालून वंदनेच्या न्हाणीपर्यंत जात होता. त्याचा वॉल, पाणी सोडायची चावी, पंचफुलाबाईच्या कण्हेरीच्या बुडाशी फरशीखाली होता. रोज सकाळी मोटर लावली की पंचफुलाबाई फरशी सरकवायची आणि वॉल फिरवायची. पलीकडं बादल्या भरल्याचा आवाज यायचा. कधी लाइट नसली आणि उशीर झाला तर तिकडून रिकामी बादली आपटायची. इकडून पंचफुलाबाई आपली बादली आपटायची, म्हणजे थांब, लाइट नाही. एवढंच काय ते दोघींचं बोलणं. तेवढ्या बोलण्यावर पंचफुलाबाईचा दिवस निभायचा.

रविवारी पहाटे ती कण्हेरीजवळ थबकली. आज नाही सोडलं तर सेंसरला काही कळणार नाही. पण वंदनेला वाटेल, थोरलीनं हात आखडला. तिनं वॉल फिरवला.

चहाच्या वेळी प्रफुल्ल मोबाइल घेऊन आला. “आई, बोअरमधून निघालं आठशे लिटर. टाकीत साडेपाचशे. अडीचशे लिटर गेलं कुठं?”

“जमीन प्याली असन.”

तासाभरात गजाननानं फरशी उचलली. वॉलचा दांडा हात लागून लागून चकचकीत झाला होता. प्रफुल्ल त्याच्याकडे पाहत राहिला, मग भिंतीकडे, मग आईकडे.

“तू काकूले पाणी देते?”

“मी कोनाले काही देत नाही. ठेव ते फरशी जागेवर.”

“अन् म्हणते बोलत नाही.”

“बोलतच नाही.”

प्रफुल्लचे डोळे भरून आले. पोरगा मनाचा वाईट नव्हता. त्यानं तिसरी डबी त्याच पाइपावर बसवली आणि पायात चप्पल घातली.

“प्रफुल्ल, तिकडं जाऊ नको.”

“अवो आई, अकरा वर्षं झाले. संपवून टाकू आता.”

पंचफुलाबाई भिंतीशी उभी राहून ऐकत होती. पलीकडं वंदनेच्या दारात दूधवाला होता, शेजारचे केशवराव मास्तर आपल्या ओट्यावर दातण करत बसले होते.

“काकू, मले सगळं समजलं,” प्रफुल्लचा आवाज आला, मायेनं ओथंबलेला. “आता लपूनछपून काहून? बिनधास्त घेत जा आमचं पाणी. गजानन आजच नवीन पाइप टाकून देते तुम्हाले.”

“इकडं पानी जाते त्याइचं?” केशवरावांनी विचारलं.

वंदनेनं दूधवाल्याच्या हातून दुधाचं पातेलं घेतलं.

“कोनतं पानी, बाबू?” मग ती म्हणाली. “माह्या घरी नगरपालिकेचा नळ आहे. पुरते मले.”

सोमवारी पंचफुलाबाईनं वॉल फिरवला. पलीकडं आवाज नाही. तिनं बादली आपटली. तीनदा आपटली. तेवढ्यात नागपूरहून फोन वाजला. “आई, काकूची लाइन शून्य दाखवून राहिली.”

“मले दिसून राहिलं,” ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

नगरपालिकेचा नळ तीन दिवसांतून एकदा यायचा, तोही करंगळीएवढा. बुधवारी वंदना कोपऱ्यावरच्या हापशीवर दिसली. कमरेवर पाण्याची गुंड, गुडघा धरत धरत चाललेली. सोळा वर्षांची नवरी होऊन आली तेव्हा पंचफुलाबाई तिची वेणी घालून द्यायची. “वंदे” अशी हाक तिच्या गळ्यापर्यंत आली. पण आता हाक मारली तर ती कशासाठी मारली, हे साऱ्या गल्लीला माहीत असणार होतं. ती दारातच उभी राहिली.

शुक्रवारी पांढुर्ण्याहून वंदनेची लेक मानसी ऑटो घेऊन आली. मोठीमायच्या, म्हणजे पंचफुलाबाईच्या, पाया पडायला इकडं आली. “आई काल हापशीजवळ पडली. हाड नाही मोडलं, पण आता एकटी ठेवत नाही मी तिले. घर बंद करून राहिलो.”

वंदना ऑटोत बसली होती, समोर पाहत.

“तुह्या घरी पानी आहे ना भरपूर?” पंचफुलाबाईनं विचारलं, ऑटोपर्यंत ऐकू जाईल असं.

“आहे, मोठीमाय.”

“बरं.”

वंदनेनं पदर तोंडावर ओढून घेतला. ऑटो वळला.

शनिवारी प्रफुल्ल आला. काकूच्या दाराला कुलूप पाहून तो बराच वेळ रस्त्यात उभा राहिला. मग आत येऊन आईसमोर बसला.

“मी काय वाईट केलं, आई? मी तर घ्या म्हटलं.”

पंचफुलाबाईनं निवडायला घेतलेली तूर बाजूला सारली.

“तू वाईट असता तर बरं झालं असतं. तुह्याशी भांडली असती, अन् तिचं पानी चालू ठेवलं असतं. तू चांगला आहेस, अन् तुले चांगलंपन चारचौघाइत केल्याशिवाय होत नाही. तिच्या हक्काचं पानी तू तिले रस्त्यावर उभं राहून दान केलं. आता मी जिती आहे तोवर या घरातून तू कोनाले काहीच द्याचं नाही.”